अक्षता दिसल्या पाहिजेत: मिनी-डीव्हीचं शूटिंग लहान करताना

2003 ते 2011 मी वाळवा तालुक्यात लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचो. मिनी-डीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटवर शूट करणारा) कॅमेरा आणि हॅलोजन धरायला एक पोरगा, एवढा संसार. तीच माणसं आता कॅसेट घेऊन येतात: "पेनड्राइव्हवर टाकून द्या, पण क्वालिटी जाता कामा नये."

क्वालिटी तसूभरही न घालवता कॅसेटवरून उतरवलेली फाइल लहान होत नाही. डीव्ही मुळातच कॉम्प्रेस झालेलं, म्हणजे दाबून लहान केलेलं असतं. ते लॉसलेस कोडेकमध्ये (काहीही न गमावता दाबायच्या पद्धतीत) घातलं तर उलट फुगतं. आपण करायचं ते इतकंच, की गेलेलं डोळ्याला कळू नये.

सगळ्यात आधी कॅसेटच्या पाठीमागचं बारीक बटण 'सेव्ह'कडे सरकवा, म्हणजे तिच्यावर परत शूट होत नाही. मी एकदा ते केलं नाही. 700 एमबीच्या सीडीत बसावं म्हणून एक लग्न दाबून दाबून बसवलं, मूळ फाइल उडवली आणि कॅसेटवर पुढच्या आठवड्यातलं बारसं शूट केलं. सीडी लावली तर मंगलाष्टकं संपली, 'सावधान' झालं, आणि पडद्यावर अक्षतांऐवजी नुसते चौकोन उडाले. मुलीच्या वडिलांनी पैसे पूर्ण दिले, पण परत कधी बोलावलं नाही.

कॅप्चर, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवणं, फायरवायर केबलनेच करा. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक असतं, पण बऱ्याच मॉडेलमध्ये त्यातून येणारं चित्र हलकं असतं. फायरवायरने टेपवरचे आकडे जसेच्या तसे उतरतात. विनडीव्ही हे छोटं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. तासाला सुमारे 13 जीबीची एव्हीआय फाइल तयार होते. ही मूळ प्रत, ती उडवायची नाही. 2 टीबीच्या डिस्कवर दीडशे तासांच्या आसपास मावतं. डिस्क मात्र दोन ठेवा.

आता हँडब्रेक, म्हणजे फाइल लहान करायचं सॉफ्टवेअर. एव्हीआय उघडा, पण लगेच पूर्ण तास लावू नका. 'रेंज'मध्ये सेकंद निवडून अक्षता पडतात तेवढी 30 सेकंदं घ्या. लग्नातला सगळ्यात अवघड तुकडा हाच: शेकडो दाणे हवेत, वर फोटोग्राफरचे फ्लॅश, मागे हलणारी गर्दी. दर फ्रेमला सगळं नवं, त्यामुळे एन्कोडरला (चित्र दाबणाऱ्या भागाला) आधीच्या फ्रेममधून उचलायला काही मिळत नाही. इथे चित्र टिकलं तर जेवणाच्या पंगतीची काळजी नको.

खरी गडबड होते ती डीइंटरलेसमध्ये, म्हणजे विणलेली चित्रं सुटी करण्यात. आपल्याकडचं पाल (PAL, टीव्हीची आपल्याकडची पद्धत) शूटिंग सेकंदाला 25 फ्रेमचं, पण प्रत्येक फ्रेममध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली दोन अर्धी चित्रं विणलेली असतात. टीव्हीच्या जुन्या डब्यावर हे कळायचं नाही. कॉम्प्युटरवर हलगीवाल्याच्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. बरेच जण दोनांतलं एक अर्धं चित्र फेकून 25 फ्रेमवर येतात. दात जातात, पण हालचाल अडखळते. 'फिल्टर्स'मध्ये डीइंटरलेस 'बीडब्ल्यूडीआयएफ' आणि प्रीसेट 'बॉब' ठेवा, व्हिडिओत फ्रेमरेट 50, कॉन्स्टंट. हलगी परत हलगीसारखी वाजताना दिसेल.

बाकी सेटिंग: एन्कोडर एच.264, प्रीसेट 'स्लो', क्वालिटी आरएफ 18. हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. 20 वरही बहुतेकांना फरक कळत नाही, मला नवरीच्या शालूच्या जरीत कळतो. एच.265 ने जागा अजून वाचते, पण गावाकडच्या जुन्या टीव्हीवर ती फाइल चालेलच असं नाही. साइज 720 बाय 576 च राहू द्या. फुल एचडी करून मागणारे भेटतात. ताकात पाणी घातलं म्हणून ताक वाढत नाही. आवाज एएसी, 192.

रात्रीच्या हळदीच्या शूटिंगला अंधारामुळे चित्रात वळवळणारे खूप दाणे (बारीक ठिपके) असतात, आणि फाइलमधली जागा तेच खातात. तिथे ते ठिपके पुसणारा 'एनएलमीन्स' डीनॉइज फिल्टर लावता येतो, पण 'अल्ट्रालाइट'च्या पुढे जाऊ नका. 'मीडियम' लावलं की आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या जातात आणि ती मेणाची दिसते. एका घरात त्या आजीचं तेवढंच हलतं-बोलतं चित्र होतं. मी तिथे काहीच लावलं नाही, फाइल जड झाली तर झाली.

तुकडा तयार झाला की मोठ्या टीव्हीवर लावा, मोबाइलवर नको. अक्षतांपाशी थांबवून मूळ एव्हीआयशी ताडून बघा. मग नवरदेवाचा काळा कोट बघा. अंधाऱ्या भागात चौकोन दिसले तर आरएफ 16 करा. पटलं की रात्री पूर्ण तास लावून झोपा. माझ्याकडे एका तासाची फाइल दीड ते अडीच जीबीच्या मध्ये येते.

देताना दोन गोष्टी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर ते परत दाबतं, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. 2 जीबीपर्यंत जातं. आणि पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीवरची फाइल तो घेतच नाही. दोन-तीन तासांचं लग्न असेल तर 'सीमांतपूजन', 'लग्न', 'वरात' असे भाग पाडून द्या. तसंही वरात कोणी पूर्ण बघत नाही.