कर्नल अपडेटनंतर डिस्क कुरकुरतेय? एफएससीकेला घाई नको

पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आजूबाजूचे छापखाने आणि सीए मंडळींची ऑफिसं यांची लिनक्स मशिनं मी बघतो. फोनवरची तक्रार ठरलेली: "अपडेट टाकलं आणि डिस्क गेली." बहुतेक वेळा दोष कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) नसतो, रीबूटचा असतो. महिनोन्‌महिने सुरू ठेवलेलं मशीन नव्या कर्नलच्या निमित्ताने एकदाचं बंद-चालू होतं आणि आत मुरलेलं दुखणं बाहेर येतं. तेव्हा एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) तपासून दुरुस्त करणारी आज्ञा, लगेच चालवायची नसते.

म्हणून आधी जुन्या कर्नलवर चालू करून बघा. ग्रबच्या, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या, मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली तो असतो. मेनू दिसत नसेल तर चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा.

जुन्यावर सुरळीत चाललं, तर डिस्क बहुधा ठणठणीत आहे. नव्यावर 'अनेबल टू माउंट रूट एफएस' आणि पुढे 'अननोन ब्लॉक (0,0)' आलं असेल, तर फाइलसिस्टिम मोडलेली नाही, कर्नलला ती सापडलीच नाही. डेबियन-उबुंटूवर हमखास कारण म्हणजे गच्च भरलेलं बूट पार्टिशन (डिस्कचा कर्नल ठेवायचा भाग). जागाच नाही, मग इनिटरामएफएस (चालू होताना कर्नलला डिस्क शोधून देणारी फाइल) तयार होणार कुठून? 'डीएफ'ने मोकळी जागा बघा, नको ते कर्नल काढा (चालतोय तो सोडून, हे सांगावं लागतं!), नव्या आवृत्तीचं इनिटरामएफएस बनवा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) कुणी 'एसडीबी1' अशी नावं लिहून ठेवली असतील तर तीही तपासा. ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. 'बीएलकेआयडी'ने यूयूआयडी (पार्टिशनचा रीबूटने न बदलणारा ओळखक्रमांक) काढून तो लिहा.

जुन्या कर्नलवरही चुका येत असतील तर 'डीमेसेज' (कर्नलचे संदेश) वाचा. 'आय/ओ एरर' (वाचण्या-लिहिण्यातली चूक) दिसली की 'स्मार्टसीटीएल' चालवा, ते डिस्कची तब्येत सांगतं. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' (डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे) शून्याच्या वर असेल तर दुरुस्ती राहू द्या, आधी 'डीडीरेस्क्यू'ने दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या. मरायला टेकलेल्या डिस्कवर एफएससीके चालवणं म्हणजे उरलासुरला डेटाही घालवणं. 'यूडीएमए सीआरसी'चा (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर संशय केबलवर. तपकीर गल्लीत नवी साटा केबल घ्या, पुढचं पुढे.

डिस्क बरी आहे, पण एक्स्ट4च्या (लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमच्या) चुका येतायत, असं असेल तरच एफएससीके. तेही लिनक्स चालू होईल अशा पेनड्राइव्हवरून, पार्टिशन माउंट (जोडलेलं) नसताना आणि आधी '-एन' लावून, म्हणजे ते नुसतं वाचेल, लिहिणार नाही. माउंट असताना '-एन' चालवलंत तर नसलेल्याही चुका दाखवेल. ड्रॉवरमधला जुना पेनड्राइव्ह मात्र नको: ई2एफएसप्रॉग्ज (एक्स्ट4चं एफएससीके ज्यात येतं तो संच) 1.47ने बनवलेल्या एक्स्ट4वर 1.46 चालवलं की 'फीचर सी12' ओळखत नाही म्हणून ते हात वर करतं. लोक ते वाचून डिस्क फॉरमॅट करायला निघतात! एक्स्ट4ऐवजी एक्सएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर 'एक्सएफएस_रिपेअर', आणि त्याचा '-एल' अगदी शेवटी, कारण तो लॉगच (बदलांची नोंद) पुसतो. आणि हे काम गुरुवारी काढू नका. त्या दिवशी लाईट जाते, आणि ऑफिसातल्या यूपीएसची बॅटरी कधीची आहे ते तुम्हालाच माहीत.

खरोखर कर्नलच दोषी, असंही घडतं. डिसेंबर 2023मध्ये 6.1.64मधल्या एक्स्ट4च्या बगमुळे डेबियन 12.3 थांबवलं गेलं आणि 6.1.66 घेऊन थेट 12.4 आलं. अशा वेळी जुन्या कर्नलवर राहा, 'एपीटी-मार्क होल्ड' लावा (म्हणजे कर्नल आपोआप अपडेट होणार नाही) आणि दुरुस्त आवृत्ती आली की होल्ड काढा.