यूव्ही-व्हिजिबल मशीनवर बसताय? या चुका टाळा

स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये, म्हणजे द्रावणातून अतिनील (यूव्ही) किंवा दृश्य प्रकाश किती पार जातो ते मोजणाऱ्या मशीनमध्ये, काहीही ठेवा, आकडा येतोच. क्युव्हेटची (द्रावण भरायच्या छोट्या चौकोनी नळीची) घासलेली, धुरकट बाजू प्रकाशाकडे असो, लॅम्प बंद असो, द्रावणात गाळ तरंगत असो, पडद्यावर तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर तयार असतं. सोलापुरात एम.एस्सी.चे प्रोजेक्ट करणाऱ्यांपासून चिंचोळी एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला नव्याने लागलेल्या पोरांपर्यंत बहुतेक जण तो आकडा वहीत उतरवतात आणि पुढच्या नमुन्याकडे वळतात. त्याच त्या चुका वर्षानुवर्षं तपासून मी थकले आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मशीन कॉन्सन्ट्रेशन (द्रावणातलं पदार्थाचं प्रमाण) मोजत नाही, प्रकाश मोजतं. ब्लँकमधून (मोजायचा पदार्थ नसलेल्या द्रावणातून) किती प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचला आणि नमुन्यातून किती पोचला, एवढंच त्याला कळतं. अॅब्सॉर्बन्स म्हणजे शोषणाचा आकडा: 1 म्हणजे दहा टक्के प्रकाश पोचला, 2 म्हणजे एक टक्का, 3 म्हणजे हजारातला एक भाग. बूगेर (1729), लँबर्ट (1760) आणि बेअर (1852) यांच्या कामातून उभा राहिलेला, अॅब्सॉर्बन्स कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात वाढतो हा नियम एकाच तरंगलांबीच्या प्रकाशासाठी आणि स्वच्छ, विरळ द्रावणासाठी आहे. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

काचेची क्युव्हेट आणि 220 नॅनोमीटर

ही चूक पाहिली की मला खरोखर वाईट वाटतं, कारण तिची किंमत दुसऱ्याच कामाला मोजावी लागते. एका विद्यार्थिनीने मोहोळ तालुक्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट मोजायला घेतलं होतं. विषय चांगला होता. ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात युरिया किती पडतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. एसटीने गावोगाव फिरून तिने बाटल्या भरून आणल्या. पद्धतही बरोबर निवडली होती: नमुना गाळायचा, 50 मिलीला 1 मिली एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिड घालायचं, 220 ला रीडिंग घ्यायचं आणि त्यातून 275 च्या रीडिंगची दुप्पट वजा करायची.

निकाल घेऊन आली तेव्हा सगळ्या विहिरींचं पाणी जवळपास सारखंच निघालं होतं. तिने निष्कर्षही लिहून टाकला होता, "परिसरातील भूजलात नायट्रेटचे प्रमाण समान आढळते." मी स्टँडर्डचा, म्हणजे माहीत असलेल्या कॉन्सन्ट्रेशनच्या द्रावणांचा, ग्राफ मागितला. रेघ आडवी होती, दोन बिंदू तर शून्याच्या खाली.

"अगं, स्टँडर्डच वाढत नाही तर नमुन्याचं काय सांगतेस?"

"मॅडम, ब्लँकला झिरो बरोबर येत होता."

येणारच. क्युव्हेट काचेची होती. साधी काच साधारण 340 नॅनोमीटरच्या खाली प्रकाश अडवायला लागते आणि 220 ला तर काहीच जाऊ देत नाही. त्या अंधारालाच मशीनने झिरो मानलं आणि पुढे जे दाखवलं तो निव्वळ डिटेक्टरचा गोंगाट होता. तोवर बाटल्याही शिळ्या झाल्या होत्या. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून दोन दिवसांच्या आत तपासायचा असतो. पुन्हा एसटी, पुन्हा विहिरी. क्वार्ट्झमध्ये घेतल्यावर विहिरी वेगवेगळ्या बोलू लागल्या. उसाच्या फडाला लागून असलेल्या एका बोअरचं पाणी तर पातळ केल्याशिवाय ग्राफमध्ये बसेना.

माझी सवय सांगते. क्युव्हेटवर कोरलेलं क्यू अक्षर मी बघते, पण त्यावर विसंबत नाही, कारण डब्यात अदलाबदल होतेच. क्युव्हेट न ठेवता हवेवर झिरो करायचा, क्युव्हेटमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरायचं आणि 240 ला रीडिंग बघायचं. स्वच्छ क्वार्ट्झ 0.1 च्या खाली राहतं. काच लगेच उघडी पडते. मिनिटभराचं काम आहे. प्लॅस्टिकच्या क्युव्हेटही यूव्हीला चालत नाहीत, अपवाद फक्त त्यासाठी खास बनवलेल्यांचा. लॅम्पचं आयुष्य वाचवायला कोणी यूव्ही प्रकाश देणारा ड्युटेरियम लॅम्प बंद ठेवला असेल, तरी 220 ला असाच अंधार असतो.

नायट्रेटचा विषय निघालाच आहे तर एककही बघून घ्या. पिण्याच्या पाण्याची 45 मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा नायट्रेट म्हणून आहे. तुमचा स्टँडर्ड नायट्रोजन म्हणून (नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरून) बनवला असेल तर उत्तराला 4.43 ने गुणा.

अॅब्सॉर्बन्स 2 च्या वर आणि त्यावर विश्वास

आपल्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी मिथिलीन ब्लूचं फोटोकॅटॅलिसिस, म्हणजे प्रकाश आणि कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) वापरून हा निळा रंग नष्ट करण्याचा प्रयोग, करतंच. प्रस्तावनेत सोलापुरी चादर, टॉवेल आणि डाय हाउसचं (कापड रंगवण्याच्या कारखान्यांचं) सांडपाणी हमखास असतं. सुती टॉवेल मुख्यतः रिअॅक्टिव्ह आणि व्हॅट रंगांनी रंगवतात, मिथिलीन ब्लूने नाही. पण तो वाद पुन्हा कधीतरी. मला राग येतो तो सुरुवातीच्या द्रावणाचा. रंग गडद दिसला की पोरांना प्रयोग दमदार वाटतो. लिटरला 10 मिलिग्रॅम इतक्या द्रावणाचा अॅब्सॉर्बन्स 664 ला दोनच्या आसपास जातो आणि ही मंडळी त्याहून गडद घेऊन बसतात.

प्रत्येक मशीनमध्ये थोडा भटका प्रकाश असतो, म्हणजे निवडलेल्या तरंगलांबीचा नसलेला, तरी डिटेक्टरवर पडणारा. समजा जुन्या मशीनमध्ये तो एक टक्का आहे. खरा अॅब्सॉर्बन्स 0.5 असेल तर मशीन 0.49 दाखवेल, म्हणजे बिघडलं काही नाही. खरा 2 असेल तर दाखवेल 1.70. खरा 3 असेल तर 1.96. त्यापुढे रंग कितीही ओता, मशीन दोनच्या पुढे सरकणार नाही.

एका मुलाच्या प्रबंधात रिअॅक्शन सुरुवातीला संथ आणि नंतर वेगवान होती. त्याने याला "इंडक्शन पीरियड" म्हटलं आणि कॅटॅलिस्ट जागा व्हायला वेळ का लागतो यावर दोन पानं लिहिली. मी सुरुवातीचाच नमुना दहापट पातळ करून मोजायला लावला. उत्तराला दहाने गुणल्यावर आकडा आधीच्या रीडिंगहून कितीतरी मोठा आला. हिशेब सरळ आहे. खरा अॅब्सॉर्बन्स 3 वरून 1.5 वर आला, म्हणजे अर्धा रंग गेला. मशीनने मात्र 1.96 वरून 1.39 दाखवलं, म्हणजे तीस टक्केही नाही. संथपणा मशीनचा होता, कॅटॅलिस्टचा नव्हता. ती दोन पानं काढावी लागली. बिचाऱ्याने मन लावून लिहिली होती.

शिवाय गडद द्रावणात मिथिलीन ब्लूचे रेणू जोडीने राहू लागतात आणि आलेखात 610 च्या जवळचा खांदा (मुख्य शिखराशेजारचा उंचवटा) वर येतो. तिथे तर भटका प्रकाश नसतानाही नियम पाळला जात नाही.

मी 0.2 ते 0.8 मध्येच काम करते. एकच्या वर गेलं की पातळ करायचं, आणि मोजून पातळ करायचं: पिपेट आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क घेऊन, मेजरिंग सिलिंडरने नव्हे. "मॅडम, वेळ जातो" हे मला सांगू नका. चुकीच्या ग्राफवर महिना घालवायला वेळ असतो, फ्लास्क धुवायला नसतो, हे मला पटत नाही.

याच प्रयोगातल्या आणखी दोन गोष्टी. कॅटॅलिस्टचे कण सेंट्रिफ्यूज करून नीट काढा. कण प्रकाश विखुरतात आणि मशीनला तो शोषलाच वाटतो. 800 ला, जिथे रंग काहीच शोषत नाही तिथे, रीडिंग शून्याजवळ नसेल तर गाळ राहिलाय. आणि अंधारात अर्धा तास ढवळल्यावर जो रंग कमी होतो तो कणांना चिकटलेला असतो. तो नष्ट झाला असं लिहू नका.

थोडक्यात बाकीच्या

ब्लँक म्हणजे साधं पाणी नव्हे. नमुन्यात जे जे घातलं ते सगळं त्यात हवं, फक्त मोजायचा पदार्थ सोडून.

मशीन सुरू केल्यावर अर्धा तास थांबा. मधेच लाइट गेली तर पुन्हा अर्धा तास.

पुस्तकातली तरंगलांबी आंधळेपणाने घेऊ नका. एकदा पूर्ण स्कॅन काढा आणि आपल्या मशीनवर शिखर कुठे येतं ते बघा. उतारावर मोजलं तर एक-दोन नॅनोमीटरच्या फरकाने रीडिंग हलतं. मशीनवरच शंका असेल तर ड्युटेरियमच्या 486.0 आणि 656.1 या रेषा तपासा.

फ्रिजमधलं द्रावण थेट क्युव्हेटमध्ये घालू नका. आपल्या मे महिन्यात ते तापतं, विरघळलेली हवा सुटते आणि भिंतींवर बुडबुडे बसतात. रीडिंग सारखं चढत असेल तर आधी बुडबुडे शोधा. अल्कोहोलमधलं द्रावण सकाळी बनवून दुपारी चाळीस अंशात मोजू नका, कारण दहा अंशांना ते सुमारे एक टक्का फुगतं.

क्युव्हेट घासलेल्या बाजूंनीच धरा. मिथिलीन ब्लूने निळी पडलेली क्युव्हेट ब्रशने खरवडू नका. अल्कोहोलमध्ये थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिड मिसळून विसळा, मग डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा, आणि पुढचा ब्लँक लावण्याआधी पाणी भरून 664 ला बघा. ते शून्यावर येत नसेल तर अजून विसळा.