ऑनलाइन खरेदी-विक्री सुरक्षितपणे कशी करावी: ग्राहक आणि लहान व्यावसायिकांसाठी

ऑनलाइन फसवणूक करणाऱ्याला दोन गोष्टी साधायच्या असतात. पैसे अशा मार्गाने वळवायचे की नंतर ते परत मागता येऊ नयेत, ही पहिली. आणि कोणाला शंका आलीच, तर त्याने आपणच पाठवलेल्या लिंकवरून, दूरध्वनी क्रमांकावरून किंवा चित्रावरून खात्री करून घ्यावी, ही दुसरी. ग्राहकाला गाठणारा तोतया दुकानदार आणि दुकानदाराला गाठणारा तोतया ग्राहक हे दोघेही याच दोन गोष्टींवर अवलंबून असतात. म्हणून पुढील प्रत्येक सूचनेच्या मुळाशी एकच दक्षता आहे: पैसे नोंद राहणाऱ्या मार्गाने द्यावेत-घ्यावेत आणि पडताळणीचा मार्ग नेहमी स्वतः निवडावा.

दुकान खरे आहे का, हे कसे ओळखावे

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याची एक ठरावीक पद्धत आहे आणि ती प्रत्येकाने अंगवळणी पाडावी. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून त्यापुढील पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. ‘दुकान डॉट कॉम’ या पत्त्यात मालकी ‘दुकान’ या नावाची असते. मात्र ‘दुकान डॉट सवलत डॉट कॉम’ या पत्त्यात ती ‘सवलत’ या नावाची असते आणि डावीकडचा ‘दुकान’ हा शब्द त्या मालकाने स्वतःच्या मर्जीने जोडलेला असतो. याखेरीज एखादे अक्षर वाढवून, अक्षरांचा क्रम बदलून किंवा रोमन अक्षरासारखे हुबेहूब दिसणारे सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीतील अक्षर वापरूनही खोटे पत्ते तयार केले जातात. असा फरक डोळ्यांना दिसेलच असे नाही. त्यामुळे संदेशात किंवा जाहिरातीत आलेल्या लिंकवरून दुकानात जाण्याऐवजी पत्ता स्वतः टाइप करावा किंवा आधी जतन केलेला वापरावा.

ब्राउझरमधील कुलपाच्या चिन्हावर मोठा विश्वास ठेवला जातो. तो ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. आपला ब्राउझर आणि ते संकेतस्थळ यांच्यातील संवाद कूटबद्ध, म्हणजे मध्येच कोणाला वाचता न येणारा आहे, एवढाच त्या चिन्हाचा अर्थ असतो. पलीकडे कोण आहे याची ग्वाही ते देत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आज काही मिनिटांत विनामूल्य मिळते, त्यामुळे तोतया दुकानांकडेही ते असते. हा गैरसमज इतका पक्का झाला होता की गुगलने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधील कुलूप काढून त्या जागी सेटिंग्जचे साधे चिन्ह आणले. कूटबद्ध नसलेल्या पानावर कार्डाचा तपशील भरू नये हे खरेच. पण पान कूटबद्ध आहे म्हणून दुकान खरे आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

अनोळखी दुकानाची चौकशी करायला फार वेळ लागत नाही. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी कधी झाली, हे सार्वजनिक नोंदींत विनामूल्य पाहता येते. अनेक वर्षांच्या परंपरेचा दावा करणाऱ्या दुकानाचे डोमेन मागच्याच महिन्यात नोंदवलेले आढळले, तर तेथेच थांबावे. वस्तूंची छायाचित्रे चित्रशोधात टाकून पाहिल्यास ती दुसऱ्या विक्रेत्याकडून उचललेली आहेत का, हे पुष्कळदा कळते. परताव्याच्या अटी पैसे देण्यापूर्वीच वाचाव्यात. परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची आणि पैसे मूळ मार्गाने परत मिळतात की केवळ दुकानाच्या पुढील खरेदीसाठी जमा राहतात, या तीन मुद्द्यांवर बहुतेक वाद उभे राहतात. ग्राहकांच्या अभिप्रायांपैकी मधल्या गुणांचे, म्हणजे दोन ते चार ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचावेत, कारण वस्तूचे खरे गुणदोष त्यांतच अधिक सापडतात. थोड्याच दिवसांत एकगठ्ठा आलेली, जवळपास सारख्याच शब्दांतली स्तुती मात्र संशयास्पद मानावी.

पैसे देताना

पैसे कोणत्या मार्गाने दिले, यावर ते परत मिळण्याची शक्यता अवलंबून असते. कार्डाने केलेल्या व्यवहारात वस्तू न मिळाल्यास किंवा वर्णनापेक्षा वेगळी निघाल्यास बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे रक्कम उलट फिरवण्याची मागणी करता येते. कार्ड कंपन्यांच्या नियमांत अनेक प्रकारच्या तक्रारींसाठी ही मुदत सुमारे १२० दिवसांची असते, तरी बँका स्वतःच्या मुदती ठरवत असल्याने तक्रार शक्य तितक्या लवकर नोंदवावी. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांचे खरेदीदार-संरक्षण पैसे त्याच बाजारपेठेतून दिले असतील तरच लागू होते. याउलट थेट बँक हस्तांतरण, गिफ्ट कार्डाचे क्रमांक आणि क्रिप्टोचलन या मार्गांनी गेलेले पैसे परत आणणे अत्यंत कठीण असते. म्हणूनच ‘बाजारपेठेचे कमिशन वाचवू, पैसे थेट पाठवा, मी किंमत कमी करतो’ असे विक्रेता म्हणू लागला, की तेथून माघार घ्यावी. त्या सवलतीच्या बदल्यात आपण आपले संपूर्ण संरक्षण सोडून देत असतो.

पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही आणि समोरच्याने पाठवलेला क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. जुन्या वस्तू विकणाऱ्यांना यातच सर्वाधिक फसवले जाते. ‘तुम्हाला पैसे पाठवतो आहे, हा कोड स्कॅन करून मंजुरी द्या’ असे सांगितले जाते आणि मंजुरी देताच रक्कम आपल्या खात्यातून वजा होते. ओटीपीच्या संदेशात रक्कम आणि व्यवहाराचा प्रकार लिहिलेला असतो. तो पूर्ण वाचल्याशिवाय आकडे टाकू नयेत आणि फोनवरील व्यक्तीने स्वतःची ओळख कोणतीही सांगितली तरी ते तिला सांगू नयेत.

‘तुमचे पार्सल अडकले आहे, किरकोळ शुल्क भरा’ हा संदेश विशेष घातक आहे, कारण सतत खरेदी करणाऱ्या माणसाचे काही ना काही खरोखरच वाटेत असते. त्या शुल्काच्या निमित्ताने कार्डाचा पूर्ण तपशील काढून घेतला जातो. असा संदेश आल्यास लिंकला हात न लावता, ज्या दुकानातून खरेदी केली तेथील आपल्या खात्यात जाऊन पार्सलची स्थिती पाहावी.

विक्रेत्याने घ्यायची काळजी

लहान विक्रेत्याची स्थिती ग्राहकापेक्षाही नाजूक असते, असे मला वाटते. ग्राहकाच्या मागे बँकेचे नियम आणि बाजारपेठेचे धोरण उभे असते. विक्रेत्याची मात्र वस्तूही जाते, पैसेही जातात आणि वर चार्जबॅकचे शुल्कही भरावे लागते.

पैसे आले की नाही, हे केवळ स्वतःच्या बँक खात्यात किंवा पेमेंट गेटवेच्या, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या, स्वतःच्या लॉगिनमध्ये पाहावे. ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट, ‘रक्कम जमा झाली’ असा अनोळखी क्रमांकावरून आलेला संदेश किंवा बँकेच्या नावाने आलेली ईमेल यांपैकी काहीही पुरावा म्हणून धरू नये, कारण हे सर्व बनवता येते. गर्दीच्या वेळी हा नियम शिथिल होतो. म्हणून माल सोडण्याचा अधिकार ज्या माणसाकडे आहे, त्यालाच खात्यातील जमा पाहण्याची सोय करून द्यावी. त्यासाठी त्याला पैसे काढण्याचा अधिकार देण्याची गरज नसते.

जास्त रक्कम पाठवून ‘चुकून झाले, फरक दुसऱ्या खात्यावर परत करा’ असे सांगणाऱ्याला कधीही फरक पाठवू नये. मूळ रक्कम पुष्कळदा चोरलेल्या कार्डावरून आलेली असते आणि काही दिवसांनी ती उलट फिरते. आपण पाठवलेला फरक मात्र परत येत नाही. अशा वेळी संपूर्ण व्यवहार रद्द करून पूर्ण रक्कम ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत करावी, आणि हा नियम आपल्या परताव्याच्या धोरणात लिहूनच ठेवावा.

चोरलेल्या कार्डांच्या वापराचे आणखी दोन प्रकार विक्रेत्याने ओळखले पाहिजेत. पहिल्यात थोड्या वेळात लहान रकमांचे अनेक व्यवहार होतात आणि त्यांतील बहुतेक नाकारले जातात. कोणती कार्डे चालू आहेत, हे चोर आपल्या दुकानावर तपासून पाहत असतो. प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा आणि कॅप्चा (समोर यंत्र नसून माणूस आहे ना, हे तपासणारे छोटे कोडे) या दोन्ही सोयी गेटवेकडे मागाव्यात. दुसरा प्रकार अधिक कसबी आहे. चोर स्वतःचे बनावट दुकान उघडतो, तेथे एका प्रामाणिक ग्राहकाकडून पैसे घेतो आणि तीच वस्तू आपल्याकडून चोरलेल्या कार्डाने त्या ग्राहकाच्या पत्त्यावर मागवतो. वस्तू पोहोचते, पत्ता खरा असतो, कोणाचीही तक्रार नसते. काही आठवड्यांनी कार्डाचा खरा मालक व्यवहार नाकारतो तेव्हा नुकसान आपल्या वाट्याला येते. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव वेगवेगळे असलेल्या ऑर्डर एकाच ईमेलवरून किंवा उपकरणावरून वारंवार येत असतील, तर त्या थांबवून चौकशी करावी.

यावर सर्वांत उपयोगी साधन म्हणजे थ्री-डी सिक्युअर, अर्थात कार्डाच्या बँकेकडून व्यवहाराच्या वेळीच घेतली जाणारी पडताळणी. अशी पडताळणी पूर्ण झालेल्या व्यवहारात ‘हा खर्च मी केलाच नाही’ या तक्रारीचा भार सामान्यतः विक्रेत्यावरून कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. मात्र ‘वस्तू मिळाली नाही’ किंवा ‘वेगळीच मिळाली’ या तक्रारींना ते लागू होत नाही. त्यांच्यासाठी पुरावाच लागतो: वस्तू बांधतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत, अनुक्रमांक, पार्सलचे नोंदवलेले वजन, पोहोच-पावती आणि ग्राहकाशी झालेला लेखी संवाद. परत आलेली वस्तू पाठवलेलीच आहे का, हे अनुक्रमांकावरून तपासूनच परतावा द्यावा. पैसे भरल्यानंतर कोणी पत्ता बदलण्याचा आग्रह धरला, तर ती ऑर्डर रद्द करून नव्याने नोंदवायला सांगावे, कारण बाजारपेठांचे विक्रेता-संरक्षण बहुधा ऑर्डरवरील मूळ पत्त्यापुरतेच असते.

पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ अशी ईमेल आली, तर आधीपासून आपल्या नोंदीत असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. ईमेल खऱ्या पत्त्यावरून आलेली असली तरीही विचारावे, कारण त्या पुरवठादाराचे ईमेल खातेच चोराच्या हाती गेलेले असू शकते.

स्वतःचे संकेतस्थळ असेल, तर कार्डाचा तपशील आपल्या सर्व्हरवर येऊच देऊ नये. पेमेंट गेटवेचे स्वतःचे पान वापरावे. कार्डावरील सीव्हीव्ही, म्हणजे छापलेला छोटा सुरक्षा क्रमांक, व्यवहार मंजूर झाल्यानंतर कूटबद्ध स्वरूपातही साठवण्यास कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस या मानकाने मनाई केलेली आहे. वही, चॅट किंवा एक्सेलमध्ये तो लिहून ठेवणेही त्याच मनाईत येते. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावरील स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पानाबरोबर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, चोरांनी बदल केल्यामुळे ग्राहक भरत असलेला कार्डाचा तपशील त्याच क्षणी बाहेर जात होता. चार लाखांहून अधिक ग्राहकांच्या माहितीला त्या प्रकरणात बाधा पोहोचली. म्हणून संकेतस्थळावर चॅटची खिडकी, आकडेवारी किंवा जाहिरात यांसाठी जोडलेली प्रत्येक बाहेरची स्क्रिप्ट खरोखर लागते का, हे पाहावे, नको ती काढावी आणि प्लगइन, म्हणजे संकेतस्थळाला जोडलेली पूरक सॉफ्टवेअर, अद्ययावत ठेवावेत.

खात्यांची सुरक्षा

सर्वांत आधी ईमेल खाते सुरक्षित करावे, कारण बाकी सर्व खात्यांचे पासवर्ड त्याच्याद्वारे बदलता येतात. प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवायचा तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सर्व पासवर्ड जपून ठेवणारे अॅप, वापरण्याला पर्याय नाही. त्याचा आणखी एक फायदा असा की पत्ता तोतया असल्यास तो पासवर्ड आपोआप भरत नाही, आणि ते न भरणे हीच धोक्याची सूचना समजावी. द्विस्तरीय पडताळणीसाठी, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या खात्रीसाठी, एसएमएसपेक्षा फोनवरच कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर अॅप बरे, आणि जेथे पासकीची (पासवर्डऐवजी उपकरणात जतन केलेल्या डिजिटल किल्लीची) सोय आहे तेथे ती सर्वांत चांगली, कारण पासकी मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशीच बांधलेली असते. दुकानाच्या खात्याचा एकच पासवर्ड सर्वांनी वापरू नये. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन द्यावे आणि काम सोडल्याच्या दिवशीच ते बंद करावे.

फसवणूक झालीच तर

पहिला फोन बँकेला करावा, तोही कार्डाच्या मागील बाजूस छापलेल्या क्रमांकावर. इंटरनेटवर शोधून मिळालेला मदत क्रमांक तोतया असू शकतो. कार्ड किंवा खाते थांबवून घ्यावे, वादग्रस्त व्यवहार लेखी नोंदवावा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. त्यानंतर ईमेलचा व संबंधित खात्यांचा पासवर्ड सुरक्षित उपकरणावरून बदलावा आणि अन्यत्र उघडी असलेली सर्व लॉगिन सत्रे बंद करावीत. कोणाच्या सांगण्यावरून दूरस्थ नियंत्रणाचे, म्हणजे दुसऱ्याला लांबून आपले उपकरण चालवू देणारे अॅप घेतले असेल, तर ते उपकरण इंटरनेटपासून आधी तोडावे. संदेश, पत्ते, पावत्या आणि व्यवहार क्रमांक पुसू नयेत. पोलिसांकडे आणि बाजारपेठेकडे तक्रार करताना तेच लागतात. विक्रेत्याकडील ग्राहकांची माहिती बाहेर गेली असल्यास कोणती माहिती गेली आणि ग्राहकांनी काय करावे, हे त्यांना विनाविलंब स्पष्ट शब्दांत कळवावे.

काही दिवसांनी ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो’ असे सांगणारा एखादा वकील, अधिकारी किंवा तंत्रज्ञ संपर्क साधण्याची शक्यता असते, कारण फसलेल्यांच्या याद्या चोरांमध्ये विकल्या जातात. आगाऊ शुल्क, ओटीपी किंवा उपकरणाचा ताबा मागणाऱ्या अशा माणसाशी बोलणे तेथेच थांबवावे आणि आपल्याकडील तक्रार क्रमांक घेऊन बँकेशी व पोलिसांशी स्वतः संपर्क साधावा.