यॉर्कशायरच्या ॲबी आणि खेड्यातली चर्च बघायला जाताय? आधी बॅग भरा

आई-बाबा लीड्सला आले की आमची एक ट्रिप ठरलेली, हेल्म्सली गावाच्या बाजूला, तिथल्या ॲबी (म्हणजे जुने ख्रिस्ती मठ) आणि चर्च बघायला. दर वेळी काहीतरी विसरायचंच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी बूट. रीव्हो ॲबी (स्पेलिंग बघून रिव्हॉल्क्स वगैरे म्हणू नका, रस्ता विचारलात तर कोणाला कळायचं नाही) 1132 ची, नंतर आठव्या हेन्रीने मठ बंद करायला घेतले त्यात 1538 ला हिचा नंबर लागला आणि छपरावरचं शिसंसुद्धा उतरवून नेलं, म्हणजे आता वर आभाळ आणि खाली ओलं गवत, चपला-सँडल विसरा. छत्रीपण नको, दरीतल्या वाऱ्यात उलटी होते, टोपीवाला रेनकोट घ्या. तिकिटाचं नीट बघा हां, ॲबी इंग्लिश हेरिटेजची आणि वरच्या डोंगरावरची रीव्हो टेरेस नॅशनल ट्रस्टची, या दोन वेगळ्या संस्था, एकीचं सभासद कार्ड दुसरीकडे चालत नाही. बाबा तिथे गेटवर दहा मिनिटं वाद घालत होते.

गावातल्या चर्चला तिकीट नसतं पण दानपेटी असते, सुटी नाणी ठेवा, काही ठिकाणी कार्ड टॅप करायचं मशीनही असतं. रविवारी सकाळी जायचं असेल तर 'अ चर्च निअर यू' साइटवर प्रार्थनेची वेळ बघून घ्या, ती चालू असताना फोटो काढत फिरणं बरं दिसत नाही. एका गावात आम्ही कुलूप बघून परत फिरलो, आणि गाडीत बसल्यावर आईला आठवलं की पोर्चमधल्या बोर्डावर किल्ली कुठल्या घरी मिळते ते लिहिलेलं होतं, म्हणून आधी बोर्ड वाचायचा.

दुर्बीण नक्की. पिकरिंगच्या चर्चमध्ये भिंतींवर उंच 15 व्या शतकातली चित्रं आहेत, सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन वगैरे. ती चुन्याखाली गडप होती, 1852 मध्ये सापडली तर तिथल्या पाद्रीबाबांनी लोकांचं प्रार्थनेत लक्ष लागणार नाही म्हणून परत चुना फासायला लावला! नशीब, नंतर पुन्हा उघडली. मान दुखेपर्यंत बघावीत अशी आहेत. टॉर्च लास्टिंगहॅमसाठी, तिथे चर्चच्या खाली 1078 च्या सुमाराचं तळघर आहे, खांब बुटके आणि जाड, थंडी अशी की जूनमध्येही स्वेटर लागतो, गुडघे दुखणाऱ्यांनी जिना जपून उतरा.

माझं सगळ्यात लाडकं मात्र कर्कडेलचं चर्च. दाराच्या वर दगडात कोरलेलं सूर्यघड्याळ आहे, त्यावर जुन्या इंग्लिशमध्ये लिहिलंय की गामलचा मुलगा ऑर्म याने हे पडकं चर्च विकत घेऊन नव्याने बांधलं, राजा एडवर्ड आणि अर्ल (म्हणजे सरदार) टोस्टीच्या काळात, म्हणजे 1055 ते 1065 मधलं. गंमत म्हणजे नंतर कोणीतरी पुढे पोर्च बांधला, त्यामुळे घड्याळ शाबूत राहिलं पण त्यावर ऊन काही पडत नाही.

डबा आणि थर्मास घ्याच, या चर्चांजवळ चहाचं दुकान असेलच असं नाही. दिवसाला एक ॲबी आणि दोन चर्च, त्याहून जास्त नको, नंतर सगळे दगड सारखेच दिसायला लागतात. आणि बाहेर पडताना जाळीचं दार ओढून घ्या, पाखरं आत शिरतात. मागच्या वेळी माझ्याकडून उघडं राहिलं, तर अर्ध्या वाटेतून बाबांनी गाडी वळवायला लावली.