हेड कव्हर उघडून पॅकिंग बदलायचं कसं, आणि ऑईल न गळता परत बसवायचं कसं

मोटारसायकलच्या इंजिनाच्या डोक्यावर, फिन्सच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांच्या) वरच्या कडेला आधी ऑईलचा एक बारीक ओला पट्टा दिसतो. त्यावर धूळ बसत जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत डांबरासारखा काळा थर तयार होतो. गॅरेजमध्ये गाडी नेली की उत्तर ठरलेलं असतं : "हेड कव्हरचं पॅकिंग गेलंय." म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखालचं, ऑईल अडवणारं पॅकिंग. बहुतेक वेळा ते खरंही असतं. हे काम घरी करता येतं. चार पाने (स्पॅनर), एक मोकळी सकाळ आणि हाताला लगाम एवढं असलं की पुरतं. यातला लगाम सर्वांत महत्त्वाचा, कारण या कामात गाडीचं नुकसान होतं ते जवळजवळ नेहमी जास्त जोर लावल्याने.

आधी आपल्या गाडीवर काय आहे ते बघा. स्प्लेंडरसारख्या १०० सीसीच्या गाड्यांवर टॅपेटसाठी (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची बारीक फट सेट करण्यासाठी) दोन गोल झाकणं असतात, प्रत्येकाखाली एक ओ-रिंग. तिथे टॅपेट सेट करायला अख्खं हेड कव्हर काढावं लागत नाही, झाकण उघडायचं आणि ओ-रिंग नवी टाकायची. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर इनटेक आणि एक्झॉस्टसाठी दोन वेगळी कव्हरं असतात. १५० सीसीच्या पुढच्या बऱ्याच गाड्यांवर मात्र एकच मोठं ॲल्युमिनियमचं कव्हर असतं, त्याच्या खोबणीत रबरी पॅकिंग बसतं आणि तीन-चार बोल्ट ते धरून ठेवतात. पुढचं सगळं मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

दुकानात मागतानाही सांभाळा. "हेड पॅकिंग द्या" म्हटलंत तर सिलिंडर ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं पॅकिंग हातात पडेल. आपल्याला हवं ते "हेड कव्हरचं पॅकिंग". पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहून न्या. एकाच नावाच्या गाडीचं पॅकिंग वर्षागणिक बदललेलं असू शकतं. बोल्टखालचे रबरी वॉशर त्याच वेळी मागून घ्या. लोक पॅकिंग नवं टाकतात आणि कडक झालेले जुने वॉशर तसेच ठेवतात, मग ऑईल बोल्टच्या बाजूने झिरपत राहतं.

गळती नक्की कुठली?

इंजिन थंड असताना तो भाग रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ घासा, पुसा, पूर्ण वाळू द्या. मग कव्हरच्या सांध्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरा आणि पाच-सात किलोमीटर फिरून या. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होऊन पिवळट दिसेल, तिथून ऑईल येतंय. चालत्या गाडीवर वारा ऑईल मागे ढकलतो, म्हणून सगळ्यात जास्त घाण जिथे दिसते तिथेच गळती असेल असं नाही. ओल जर खाली, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यात उमटली, तर ते हेड पॅकिंगचं काम आहे. ते वेगळं आणि मोठं आहे.

कव्हरला हात लावण्याआधी ब्रीदरची नळीही तपासा. इंजिनातला दाब या नळीवाटे एअर फिल्टरच्या डब्यात जातो. नळी दुमडली किंवा आतून चिकटाने बुजली, तर दाब आत साठतो आणि ऑईल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. अशा वेळी नवं पॅकिंगही गळेल.

उघडण्याची तयारी

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. टॅपेटचं अंतर थंड इंजिनावरच मोजायचं असतं, आणि गरम ॲल्युमिनियमच्या आट्यांशी झटापट करणं धोक्याचं असतं. सकाळी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चावी काढा. सीट आणि टाकी उतरवा. कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोलचा कॉक बंद करून नळी काढली की झालं. १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे पंप टाकीत असतो आणि नळीत पेट्रोल दाबाखाली असतं. पंपाचा कनेक्टर काढून, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडू द्या, म्हणजे दाब उतरतो. हे आदल्या संध्याकाळीच करून ठेवा, सकाळी इंजिन थंडच हवं. नळी सोडवताना खाली फडकं धरा आणि आसपास विडी-सिगारेट, देवघरातली समई, काहीही पेटतं नको.

टाकी निघाली की कव्हरच्या भोवतालची माती पुन्हा एकदा झटका. सायकलच्या पंपाने हवा मारली तरी चालते. हे टाळू नका. फिन्समध्ये अडकलेला वाळूचा एक कण कव्हर उचलल्यावर थेट कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) पडतो. प्लगची कॅप काढा, कव्हरवर येणाऱ्या नळ्या सोडवा आणि प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वायर फ्रेमच्या कुठल्या बाजूने गेली होती हे दोन तासांनी आठवत नाही.

कव्हर सोडवणं

बोल्टचं डोकं बहुधा ८ किंवा १० नंबरचं असतं. टी पाना किंवा बॉक्स वापरा, तोंड उघडा असलेला पाना डोक्याच्या कडा खातो. एक बोल्ट पूर्ण काढून मग दुसरा, असं करू नका. सगळे बोल्ट समोरासमोर, पाव-पाव आटा सैल करत जा. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी भोकं पाडा आणि बोल्ट त्यात खोचून ठेवा. काही गाड्यांत ते लांबीला वेगवेगळे असतात, आणि आखूड भोकात लांब बोल्ट गेला तर हेड फुटू शकतं.

बोल्ट निघाले तरी कव्हर हलत नाही, हे अगदी नेहमीचं. पाच-सात वर्षांचं रबर धातूला धरून बसलेलं असतं. इथेच हात स्क्रू ड्रायव्हरकडे जातो, आणि तिथेच थांबा. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की मऊ ॲल्युमिनियमवर खाच पडते. ती खाच नव्या पॅकिंगनेही भरत नाही. रबरी हातोड्याने, नसेल तर लाकडाचा ठोकळा धरून, चारही बाजूंनी हलके ठोके द्या. आवाज बदलला की समजा सुटलं. मग कव्हर सरळ वर घ्या. फ्रेमची नळी मध्ये येते म्हणून ते बाजूला तिरकं करून काढावं लागतं. घाई केली तर कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनवर कव्हर घासतं.

आता सगळ्यात जपायचा क्षण. कव्हर आणि हेड यांच्यामध्ये बऱ्याच इंजिनांत छोट्या पोकळ डॉवेल पिना (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या नळ्या) असतात, कधी त्यांच्याभोवती छोटी ओ-रिंगही असते. कव्हरला चिकटून वर आलेली पिन निसटून कॅम चेनच्या बोगद्यात पडली, तर ती थेट इंजिनाच्या तळाशी जाते. म्हणून कव्हर उचलताक्षणी बोगद्याच्या तोंडावर सुती फडकं कोंबा आणि त्याला एक लांब रंगीत दोरा बांधून दोऱ्याचं टोक हँडलला अडकवून ठेवा. दोरा दिसत राहिला की फडकं आत विसरणार नाही. कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे तंतू सुटून ऑईलच्या जाळीत अडकतात.

उघडलंच आहे तर

आत टॉर्च मारून बघा. सगळ्यावर मधासारख्या रंगाची पातळ तकाकी असली तर उत्तम. कव्हरच्या आत पांढरट, सायीसारखा थर दिसला तर ऑईलमध्ये पाण्याची वाफ मिसळते आहे. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच जाणाऱ्या गाडीत हे हमखास होतं, कारण इंजिन पुरेसं तापत नाही आणि वाफ निघून जात नाही. कॅमच्या उंचवट्यावर बोट फिरवा. ते आरशासारखं गुळगुळीत लागलं पाहिजे. खड्डे लागले तर फोटो काढून मेकॅनिकला दाखवा.

टॅपेटही तपासून घ्या. प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक पुढच्या दिशेने हळू फिरवत मॅग्नेटवरची (इंजिनाच्या बाजूच्या झाकणाआड फिरणाऱ्या चाकावरची) "टी" खूण त्या झाकणाच्या खिडकीत आणा. व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर बोटाने किंचित खुळखुळले पाहिजेत. नाही खुळखुळले तर इंजिन अजून एक पूर्ण फेरा फिरवा. मग फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे घालून बघा. पाती सरकताना वहीच्या पानांमधून कागद ओढल्यासारखी हलकी ओढ जाणवली पाहिजे. आकडा गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्यायचा. बऱ्याच सिंगल सिलिंडर गाड्यांत तो ०.०५ ते ०.१५ मिमी यादरम्यान असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास, आणि एक्झॉस्टला इनटेकपेक्षा बहुधा थोडा जास्त.

जुनं पॅकिंग आणि सांध्याची सफाई

जुनं पॅकिंग खोबणीतून बोटांनी ओढून काढा. हातात धरून वाकवा. चांगलं रबर वाकतं आणि लगेच परत सरळ होतं. म्हातारं रबर वाकतं तसंच राहतं, किंवा त्यावर बारीक भेगा उमटतात, आणि गोलसर असलेली त्याची कड दाबून सपाट झालेली असते. अजून लवचिक असेल तर ते परत वापरता येतं, पण एवढं सगळं उघडल्यावर नवं टाकणंच शहाणपणाचं. कागदी पॅकिंग मात्र दुसऱ्यांदा कधीच वापरू नका.

सांधा खरवडायला जुनं एटीएम कार्ड किंवा बांबूची चपटी काडी घ्या. पॉलिश पेपर नको, त्याचा कण इंजिनात गेला तर बेअरिंग खातो. फडक्याला थोडं थिनर लावून दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसा आणि नखाने चाचपा, नख कुठेही अडकता कामा नये. नव्या रबरी पॅकिंगला पेट्रोल किंवा थिनर लागू देऊ नका, रबर फुगतं आणि खोबणीत मावत नाही.

सिलिकॉनची नळी खूप जण इथे सढळ हाताने वापरतात. मला ते पटत नाही. रबरी पॅकिंगला पूर्ण लांबीभर सिलिकॉन लागत नाही. कव्हर दाबलं की जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही येतं, आणि आतला तो गांडुळासारखा तुकडा वाळून सुटला की ऑईलच्या जाळीकडे जातो. अर्धगोल रबरी बूच असलेल्या हेडवर त्या बुचांच्या कोपऱ्यांत तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका द्या. तेवढं बस.

परत बसवणं

पॅकिंग कव्हरच्या खोबणीत सगळीकडून बोटाने दाबत बसवा. उलटं केल्यावर पडत असेल तर तीन-चार ठिकाणी ग्रीसचा अगदी लहान ठिपका लावा. कॅमवर चमचाभर नवं इंजिन ऑईल सोडा. डॉवेल पिना जागेवर आहेत का बघा, दोरा ओढून फडकं बाहेर काढा. मग कव्हर तिरकं आत घालून सरळ खाली टेकवा आणि टॉर्च व छोट्या आरशाने चारही बाजू फिरून बघा. पॅकिंग कुठे ओठासारखं बाहेर डोकावत असेल, तर कव्हर पुन्हा उचला. बोल्टने ते आत जाणार नाही, ते तिथेच कापलं जाईल.

बोल्ट आधी हाताने, पान्याशिवाय, शेवटपर्यंत घाला. मग समोरासमोर थोडं थोडं आवळा. माझ्या पहिल्या गाडीचं कव्हर झिरपत होतं तेव्हा मी पॅकिंग न बदलता लांब पान्याने बोल्ट आवळला होता. आवळता आवळता तो अचानक हलका फिरायला लागला. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांना चकचकीत ॲल्युमिनियमची बारीक स्प्रिंग गुंडाळून आली होती. ते हेडचे आटे होते. लेथवाल्याकडून हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्यावी लागली.

त्यानंतर मी बोल्ट नीट बघितला. या बोल्टांना बहुधा मध्ये एक खांदा असतो. बोल्ट ठरावीक खोलीपर्यंत गेला की खांदा हेडवर टेकतो आणि रबरावर जेवढा दाब हवा तेवढाच येतो. त्यापुढे तुम्ही कितीही आवळा, पॅकिंग जराही जास्त दाबलं जात नाही, फक्त आटे ताणले जातात. ६ मिमीच्या अशा बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढा जोर असतो, गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असेल तर तोच धरा. टॉर्क पाना नसेल तर आखूड पाना घ्या, मनगटानेच आवळा, दंड वापरू नका. खांदा टेकल्याचं हाताला स्पष्ट कळतं : फिरणं एकदम थांबतं. तिथे सोडा.

नळ्या, प्लग, टाकी फोटो बघत जोडा. पेट्रोलची नळी गळत नाही ना हे बघितल्याशिवाय सेल्फ मारू नका. पाच मिनिटं इंजिन जागेवर चालवा, मग दहा किलोमीटर फिरून या. रात्री गाडीखाली वर्तमानपत्राचा कोरा भाग वर करून पसरा आणि सकाळी सांध्यावर कोरडं फडकं फिरवा. थेंब किंवा ओल दिसली तर बोल्टला हात लावू नका. कव्हर पुन्हा उघडा आणि पॅकिंग कुठे दुमडलं किंवा चिरलं गेलंय ते शोधा. ती खूण बहुतेक वेळा फ्रेमच्या नळीखालच्या, डोळ्यांना सरळ न दिसणाऱ्या कोपऱ्यातच सापडते.