‘डिजिटल अरेस्ट’चा फोन आला तर

“तुमच्या आधार नंबरवरून पाठवलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत.” या फसवणुकीची सुरुवात अशी होते. मग व्हिडिओ कॉलवर खाकीतले ‘साहेब’ अवतरतात आणि दोन अटी घालतात: कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. खरी मेख दुसऱ्या अटीत आहे, म्हणून तीच आधी मोडा. फोन कापा आणि सरळ शेजारच्यांचं दार वाजवा. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकारच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि ‘पडताळणी’साठी पैसेही मागत नाहीत.

पैसे गेलेच, तर लोक काय म्हणतील याचा विचार नंतर. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. रक्कम, वेळ आणि यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक) हाताशी असू द्या. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. नुसताच फोन आला असेल, तर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर संशयास्पद कॉल कळवण्यासाठी ‘चक्षू’ ही सोय आहे, तिथे तो नंबर कळवा.

सोसायटीत एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर १९३० आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन आकडे जाड स्केचपेनने कागदावर लिहून त्यांच्या टीव्हीशेजारी चिकटवून या. ग्रुपवर फॉरवर्ड केलेलं पोस्टर ऐन वेळी कुणी शोधत बसत नाही.