पक्षांविना होणारी निवडणूक कशी समजून घ्यावी : नॉर्थवेस्ट टेरिटरीज, ऑक्टोबर 2027

निकालाच्या दिवशी कोणत्या पक्षाला किती जागा मिळाल्या, हे आपण सर्वांत आधी पाहतो. कॅनडाच्या उत्तरेकडील नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची पुढील विधानसभा निवडणूक ऑक्टोबर 2027 मध्ये अपेक्षित आहे. मात्र तिथे असा तक्ता मांडताच येत नाही, कारण 19 जागांसाठी उभा राहणारा प्रत्येक जण अपक्ष असतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसले तरी पॅनेल असते आणि ते कोणाचे, हे गावात सर्वांना ठाऊक असते. तिथे पॅनेलही नाही. या पद्धतीला सहमतीचे सरकार म्हणतात आणि शेजारच्या नुनावुतमध्येही तीच चालते. दुसरा शेजारी युकॉन मात्र पक्षांवर चालतो, म्हणून त्याच्या बातम्या या निवडणुकीच्या बातम्यांत मिसळू देऊ नयेत.

सुरुवात नकाशापासून करावी. या प्रदेशाचे क्षेत्रफळ 13 लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीपेक्षा जास्त आहे, आणि 2021 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी 41,070 आहे. त्यांपैकी 20,340 लोक एकट्या यलोनाइफ या राजधानीत राहतात. बाकीचे मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात, ग्रेट स्लेव्ह आणि ग्रेट बेअर या सरोवरांच्या काठी आणि थेट आर्क्टिक किनाऱ्यापर्यंत विखुरलेल्या लहान वस्त्यांत. राजधानीत निम्मी लोकसंख्या असूनही तिच्या वाट्याला 19 पैकी 7 जागा येतात, आणि याही सहजासहजी मिळालेल्या नाहीत. 1999 मध्ये नुनावुत वेगळा झाल्यावर उरलेल्या 14 जागांत यलोनाइफला योग्य प्रतिनिधित्व नाही, हा वाद न्यायालयात गेला आणि त्यानंतर पाच जागा वाढवाव्या लागल्या. त्यांतील तीन राजधानीला मिळाल्या. राजधानी आणि वस्त्या यांच्यातील हा ताण लक्षात ठेवला, तर प्रचारातील निम्मे वाद आपोआप उलगडतात.

यानंतर उमेदवारांची यादी मतदारसंघानुसार वाचावी. एका मतदारसंघात सरासरी दोन हजारांच्या आसपास लोक राहत असल्यामुळे उमेदवार आणि मतदार बहुधा एकमेकांना ओळखतात, आणि काही जागा बिनविरोधही जातात; 2023 मध्ये तसे घडले होते. अशा जागी मतमोजणीच नसते, त्यामुळे संपूर्ण प्रदेशाच्या मतांची बेरीज करून कौल काढण्याचा मोह टाळावा. थोड्या मतदारांत एकेक मत किती मोलाचे ठरते, याचे उदाहरण युकॉनमध्ये सापडते : 2021 साली ओल्ड क्रो या गावाच्या मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना 78-78 मते पडली आणि निर्णय चिठ्ठी काढून झाला.

तारखेकडे पाहताना ऋतूही पाहावा. शरद ऋतूच्या अखेरीस नद्या गोठू लागतात, तेव्हा फेरीबोटी थांबतात आणि बर्फावरचे रस्ते अजून तयार झालेले नसतात. 2023 मध्ये तर वणव्यांमुळे ऑगस्टमध्ये संपूर्ण यलोनाइफ रिकामे करावे लागले आणि 3 ऑक्टोबरचे मतदान पुढे ढकलून 14 नोव्हेंबरला घ्यावे लागले. दूरवर असलेल्या मतदारांसाठी 2019 पासून ऑनलाइन मतदानाची सोय आहे; कॅनडात प्रांतिक वा प्रादेशिक सार्वत्रिक निवडणुकीत ती पहिल्यांदा इथेच वापरली गेली.

निकालाच्या रात्री पक्षांऐवजी माणसे मोजावीत : जुने किती परतले, नवे किती आले, मूलनिवासी समाजांतून कोण आले, स्त्रिया किती. 2015 मध्ये 19 जणांत दोनच स्त्रिया होत्या, 2019 मध्ये नऊ झाल्या आणि 2021 च्या एका पोटनिवडणुकीनंतर दहा. मात्र मुख्यमंत्री कोण होणार, हे त्या रात्री कोणालाच सांगता येत नाही. आपल्या भाषेत बोलायचे तर ही विधानसभा दर वेळी त्रिशंकूच असते. फरक एवढाच की पळवून नेण्यासाठी गटच नसल्यामुळे आमदारांना हॉटेलात ठेवण्याची वेळ कोणावर येत नाही.

म्हणून खरे लक्ष मतदानानंतरच्या तीन-चार आठवड्यांवर ठेवावे. निवडून आलेले सर्व 19 सदस्य एकत्र बसून सभापती, मुख्यमंत्री आणि मंत्री गुप्त मतदानाने निवडतात. मुख्यमंत्रिपदाचे इच्छुक सहकाऱ्यांसमोर भाषण करतात व प्रश्नांना उघडपणे उत्तरे देतात. ही प्रश्नोत्तरे जरूर ऐकावीत, कारण प्रदेशव्यापी जाहीरनाम्याची जागा थोड्याफार प्रमाणात तीच भरून काढतात. मागच्या वेळी तेव्हाच्या मुख्यमंत्री कॅरोलिन कॉक्रन पुन्हा उभ्या राहिल्या नव्हत्या आणि डिसेंबर 2023 मध्ये ‘हे रिव्हर नॉर्थ’ या मतदारसंघाचे आर. जे. सिम्पसन मुख्यमंत्री म्हणून निवडले गेले. मंत्री निवडतानाही एक प्रथा पाळली जाते : मुख्यमंत्री कुठलाही असो, उरलेल्या सहा मंत्र्यांपैकी दोन यलोनाइफचे, दोन उत्तरेकडील आणि दोन दक्षिणेकडील मतदारसंघांचे असतात. त्यामुळे एखाद्या इच्छुकाची संधी जोखताना त्याच्या विभागातून आणखी कोण स्पर्धेत आहे, हे आधी पाहावे. खात्यांचे वाटप मात्र मुख्यमंत्री करतात.

यापुढचे गणित साधे पण महत्त्वाचे आहे. सभापती सोडले तर मंत्रिमंडळ सात जणांचे आणि बाहेर राहिलेले सदस्य अकरा. हे अकरा जण एकजुटीने उभे राहिले, तर अर्थसंकल्प अडवू शकतात आणि मंत्र्याला पायउतारही करू शकतात. याच पद्धतीच्या नुनावुतमध्ये जून 2018 मध्ये मुख्यमंत्री पॉल क्वासा यांना सभागृहाने हटवले होते. म्हणून मंत्रिमंडळात कोण आले यापेक्षा बाहेर कोण राहिले, हे मला अधिक बोलके वाटते.

प्रचारातील आश्वासने तोलताना अधिकारांची मर्यादा विसरू नये. शिक्षण, आरोग्य, घरे आणि रस्ते हे विषय विधानसभेकडे आहेत आणि 1 एप्रिल 2014 पासून बहुतांश जमीन व खनिजांचा कारभारही तिच्याकडे आला; पण उत्पन्नाचा मोठा हिस्सा ओटावाकडून, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारकडून येतो, आणि त्लिचो समाजाच्या शासनासारख्या मूलनिवासी शासनांना करारांन्वये स्वतःचे अधिकार आहेत. हिऱ्यांच्या खाणींवर दीर्घकाळ विसंबलेल्या या अर्थव्यवस्थेत त्या खाणी आता आयुष्याच्या उत्तरार्धात आहेत. त्यामुळे रोजगाराचे आश्वासन देणाऱ्या उमेदवाराला तो कोणत्या क्षेत्रातून आणि कोणाच्या पैशाने येणार, हा प्रश्न प्रचारातच विचारून घ्यावा.